रस्ता चुकलेली

"जाऊबाई, बीडचा रस्ता सरळ हाय म्हनं. ह्या बारीला तरी चुकू नका."

उंबऱ्यात उभं राहून शिवकन्यानं हे वाक्य टाकलं, आणि सत्यभामाच्या हातातली दुधाची किटली तशीच अधांतरी थांबली. अंगण एकच होतं, चुली दोन. मधे दगडांची एक ओळ, गुडघ्याच्या खालचीच. पण बारा वर्षांत या चुलीवरची भाकरी ती ओळ ओलांडून त्या चुलीकडं गेली नव्हती. धाकटी जाऊ वर्षातून चार-दोन वेळा बोलायची, आणि बोलायची तेव्हा नेमकी त्याच जागी चटका द्यायची, जिथलं कातडं आधीच जळून गेलेलं होतं.

उत्तर नव्हतं असं नाही. ते सत्यभामानं जिभेखाली निखाऱ्यासारखं दडवलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर समोरच्या बाईचा संसार भस्म झाला असता, म्हणून तिनं आजवर स्वतःची जीभ भाजून घेतली होती.

"न्हाई चुकायची," ती एवढंच म्हणाली.

"बघू की. तुमच्या पायाला लोकांच्या लेकरांचा जीव टांगलाय. माझ्या लेकराचाबी असाच टांगला व्हता."

खाटेवरच्या धर्मराजनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सत्यभामाचा हा नवरा उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना पाठीवर आपटला होता, तेव्हापासून तो खाटेचा झाला आणि त्या दोघांचं फडावर जाणं सुटलं. भावजयीचं बोलणं त्याला टोचायचं, पण तो काय बोलणार? खरं त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता पळायची गोष्ट कुठून आली ते सांगितलं पाहिजे. बीडच्या काही डॉक्टरांनी एक शर्यत ठेवली होती, मांजरसुंब्याच्या चौकातून बीडपर्यंत, एकवीस किलोमीटर. हाफ मॅरेथॉन म्हणतात तिला. दिवाळी सरली की हा जिल्हा ट्रकमध्ये भरून ऊस तोडायला निघतो; तिथं फडात कुणाला साप चावतो, कुणाची बाई उसाच्या पाचटात अडते, कुणाच्या पोटरीवर कोयता बसतो, आणि दवाखाना कोसावर असतो. म्हणून डॉक्टरांनी ऊसतोड टोळ्यांच्या औषधपाण्यासाठी लोकांना पळायला बोलावलं होतं. औषधं मिळणार होती. माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी मात्र नव्हती.

गाडी होती ती अर्जुनरावाकडं. अर्जुनराव दूध संस्थेचा चेअरमन. सहकार हा शब्द त्याच्या तोंडात पानासारखा कायम असायचा, चघळून लाल केलेला. ज्या दुष्काळात बायका टँकरखाली घागरीनं घागर फोडून घेत होत्या, त्याच दुष्काळात त्याच्या बंगल्यापुढची जीप टँकरच्या पाण्यानं धुतली जात होती. हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं आमच्याकडच्या सहकारावर भाषण करू नये.

संस्थेच्या बैठकीत बायकांनी टोळीसाठी गाडी मागितली तेव्हा अर्जुनराव हसला होता.

"दवाखान्यासाठी लोकं पळायलेत म्हनं. तुमीबी पळा. तुमच्यातली एक बाई जरी मांजरसुंब्याहून बीडला पळत पोचली तर ही जीप टोळीला देऊन टाकतो. पळत, हां. मधी बसली, का गाडीत चढली, का बोलणं संपलं."

सगळे हसतील असा त्याचा हिशोब होता. पण मागच्या रांगेतून सत्यभामा उठली. "म्या जाते."

"दुधावर हात ठिवा, सायेब," म्हाताऱ्या दगडाबाईनं भरलेला कॅन पुढं सरकवला. दुधाची आण मोडली की जनावर आटतं, असं आमच्याकडं मानतात. आणि ज्याची खुर्चीच दुधावर तरंगते त्याला तर ही आण मोडताच येत नाही. अर्जुनरावानं हात ठेवला. पण तो काही दुधखुळा नव्हता. त्यानं अट घातली, "साक्षीदार माझ्या मनाचा. ही शिवकन्या. जीपमधी बसून मागं येईल. खोटं बोलायची न्हाई ती." दोन्ही जावांमधलं वैर साऱ्या वस्तीला ठाऊक होतं.

मांजरसुंब्याच्या चौकात त्या सकाळी तांबडं फुटत होतं, ढाब्यांच्या भट्ट्या धुमसत होत्या. लांबून आलेले पळणारे तंग कपड्यांत उड्या मारत होते. त्यांच्यात सत्यभामा उभी होती: नऊवारीचा कासोटा, वरून धर्मराजचा जुना सदरा, फडावर घालतात तसा, त्याच्या पाठीला टाचलेला नंबर, पायात बाजारातले कॅनव्हासचे बूट. पळण्याचं तिला नवल नव्हतं. दुष्काळामुळं म्हशी चारा छावणीला होत्या, दोन कोसांवर. तिथून धार काढून संस्थेचा टेम्पो निघायच्या आत दूध पोचवायचं, आणि टेम्पो काही गरिबासाठी थांबत नाही. डाव्या खांद्यावर कॅन धरून ती रोज पळत आली होती.

शिट्टी वाजली. माणसं सुटली. मागं जीप घुरघुरली. स्टेअरिंगवर अर्जुनराव, मागच्या बाकावर शिवकन्या आणि तिचा नवरा बंकट. बायकोला एकटी पाठवायची नाही, म्हणून तो आला होता.

घाटाच्या पहिल्याच वळणावर एक गोष्ट घडली, जिची सत्यभामानं कल्पनासुद्धा केली नव्हती. तिचा डावा हात आपोआप वर आला. कोपरात दुमडला, खांद्याशी चिकटला आणि तिथंच राहिला. उजवा तळवा त्याच्यावर जाऊन टेकला, काहीतरी सांभाळल्यासारखा. तिनं हात खाली सोडला. दहा पावलांत तो पुन्हा वर. रोज तिथं कॅन असायचा, म्हणून तिला कधी कळलं नव्हतं. आज खांदा रिकामा होता, आणि हाताला काय आठवत होतं ते उघडं पडलं...

"मावशी, काय धरलंय? हात सोडा की मोकळे," एक पोरगा हसत पुढं निघून गेला.

"काखंत भाकरी दडवली आसंल," जीपच्या खिडकीतून अर्जुनराव म्हणाला. मागच्या बाकावरून कुणी हसलं नाही.

घाट उतरताना गुडघ्यांच्या वाट्या कुरकुरायला लागल्या. पालीजवळ सूर्य वर आला. धरणाच्या कोरड्या पोटात चिखलाचे पापुद्रे उलून वर आले होते आणि काठाला टँकरची वाट बघत बायकांच्या घागरी रांगेत होत्या. एकीनं तांब्या पुढं केला. सत्यभामानं पळतापळता घोटभर घेतलं, उरलेलं परत दिलं. दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी तिच्या घशाखाली उतरेना. आणि त्या घोटाबरोबर तो दिवस वर आला, इतक्या वर्षांनी, जसाच्या तसा.

कृष्णाकाठचा फड. तीन वर्षांचा शहादेव, शिवकन्याचा एकुलता एक, पाचटाच्या सावलीत झोपवलेला. सत्यभामाला स्वतःचं मूल नव्हतं. शहादेव तिच्याच पदराला लोंबकळून वाढत होता, तिला 'मोठी आई' म्हणायचा. एक किंकाळी आली. पोटरीवर दोन टिपके. शिवकन्या तेव्हा फडाच्या पार दुसऱ्या टोकाला मोळ्या चढवत होती. सत्यभामानं कोयता फेकला, लेकरू डाव्या खांद्यावर घातलं, उजव्या तळव्यानं त्याचं डोकं धरलं आणि दवाखान्याच्या वाटेनं सुटली. ती पोचली असती. पण आडव्या शेतातून धावत बंकट आला आणि दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला.

"थांबा वैनी. डॉक्टर सुया टोचून मारतेत. हितं मारुतीम्होरं भगत हाय, नुसत्या हातानं इख उतरवतो."

त्यानं लेकरू ओढून घेतलं. लिंबाचा पाला, अंगारा, घंटा. सत्यभामा दिराचे पाय धरून विनवत राहिली. "भावजी, चला... भावजी, लेकरू निळं पडायलंय..." बंकट क्रूर नव्हता. घाबरलेला बाप होता, आणि घाबरलेल्या अडाण्याला देव जवळ वाटतो, डॉक्टर लांब. लेकरानं मान टाकली तेव्हा भगतानं हात झटकले. मग तिनं शहादेवाला हिसकावलं आणि अशी पळाली, अशी पळाली... पण आता तिच्या खांद्यावर जड होत होतं ते लेकरू नव्हतं राहिलं.

"थोडं आधी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाला.

शिवकन्या आली. ऊर बडवून तिनं एकच विचारलं, "येवढा उशीर कसा झाला?" बंकट जमिनीकडं बघत होता. त्या क्षणी सत्यभामाला सगळं दिसलं. टोळीत एकट्या माणसाला किंमत नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं बांधायचं. जोडी फुटली की दोघंही अर्धे, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करत नाही. खरं कळलं तर ही बाई या माणसाबरोबर पुन्हा फडात उतरेल? लेकरू गेलंच होतं. संसार तरी राहू दे... आणि सत्यभामा म्हणाली,

"म्या रस्ता चुकले."

तीन शब्द. त्यांच्या बदल्यात तिला आयुष्यभराचं नाव मिळालं. रस्ता चुकलेली. पुढं शिवकन्यानं त्याला आणखी एक शब्द जोडला, वांझोटी. वांझोटीला लेकराची काय कदर, म्हणून चालली आसंल रमतगमत.

पालीच्या पुढं डांबर तापलं. पळणारे केव्हाच पुढं गेले होते. रस्त्यावर ती आणि तिच्यामागं ती जीप, कुत्र्यासारखी माग काढत. डाव्या बुटात काहीतरी ओलं झालं होतं. दुमडलेला हात आता लाकडाचा झाला होता, खांद्यापासून मानेपर्यंत कळ. पळणं फरफटण्याइतकं उरलं होतं.

"चालायली ती," अर्जुनराव म्हणाला. "शिवकन्याबाई, बघा. चालायली का न्हाई?"

शिवकन्या खिडकीतून त्या पायांकडं बघत होती.

मग डोळ्यांपुढं काळोखी आली. ती एका बाजूला कलंडली, सावरली, पुन्हा कलंडली. जीप करकचून थांबल्याचा आवाज आला, कुणाच्या तरी धावत्या वहाणांचा आवाज आला, आणि तिनं डोळे उघडले तर समोर बंकट. दोन्ही हात पसरलेले. अगदी तसाच.

"थांबा वैनी. मरसाल. बसा गाडीत, आईची आन."

सत्यभामाचे पाय जागच्या जागी खालीवर होत राहिले. एक पाऊल थांबलं तर जीप गेली, टोळीची लेकरं पुन्हा पाचटात पडली. आणि पुढं जायचं तर हा माणूस वाटेत. तेवढ्यात मागून शिवकन्या आली, वहाणा मागंच टाकून अनवाणी, आणि तिनं नवऱ्याच्या छातीवर दोन्ही तळहात मारून त्याला रस्त्याकडेच्या खडीत ढकललं.

"येकदा आडवलंत न् माझं लेकरू गेलं. आता बाजूला व्हा."

बंकट खडीत बसला तो बसूनच राहिला.

सत्यभामा पळायला लागली होती. कशी, ते तिला कळलं नाही. शेजारी शिवकन्या पळत होती.

"शिवे... तुला ठाव व्हतं?"

"भगताच्या शेजारची बाई लेकराच्या मातीला आली व्हती. तिनंच सांगितलं. पहिल्या दिसापासून ठाव व्हतं."

"आन मला वांझोटी म्हनलीस."

"म्हनले."

"ठाव आसून?"

"ठाव आसून."

सत्यभामाच्या अंगातून आग गेली. बारा वर्षं! ज्या गुपितासाठी ती तिळतिळ जळली ते गुपित नव्हतंच. थांबून हिच्या थोबाडीत मारावी, झिंज्या धरून डांबरावर आपटावी, असं अनिवार वाटलं. पण थांबायचं नव्हतं.

"कावून?" तिचा आवाज फाटला. "कावून जाळलंस मला?"

"मग कुनाला जाळू?" शिवकन्या धापा टाकत होती, रडणं आणि श्वास एकमेकांत अडकत होते. "त्याच्यासंग दुसऱ्या पहाटं फडात उतरायचं व्हतं. त्यानं तोडायचं, म्या बांधायचं. ज्याच्यासंग कोयता धरायचा त्याचा राग धरून भागत न्हाई. पर राग तर व्हता, डोंगरायेवढा. तो ठिवायला जागा पायजे व्हती. तुमी म्हनलात, रस्ता चुकले. म्या तिथं ठिवला. तुमी कवा फेकून दिलाच न्हाई. फेकला आसता तर..."

"मागं हो."

"आक्का..."

"आक्का म्हनू नको. माझ्यासंग पळू नको. मागं हो."

लेकरू गेल्यापासून हा शब्द त्या अंगणात उमटला नव्हता. आक्का. सत्यभामाला तो नको होता, आणि कानांनी तो तहानेल्यासारखा पिऊन घेतला. शिवकन्या मागं झाली नाही. अनवाणी पायांनी तापल्या डांबरावर ती येत राहिली, एक पाऊल मागं, काही न मागता.

बीडची पहिली घरं दिसली. रस्त्याच्या कडेला रिक्षा थांबलेल्या, लोक टाळ्या वाजवत होते; सत्यभामाला ते पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटत होतं. दुमडलेल्या हातानं आता तिला एका बाजूला ओढायला सुरुवात केली होती. ती तिरपी पळत होती.

"हात खाली घ्या. पडसाल."

"येत न्हाई खाली."

"कावून येत न्हाई?"

शिवकन्यानं मग पहिल्यांदाच त्या हाताकडं नीट पाहिलं. डावा खांदा किंचित उचललेला. उजवा तळवा वाटीसारखा वळलेला, एका लहान डोक्याएवढा... शहादेव असाच झोपायचा. डाव्या खांद्यावर, गालफड मानेला लावून. दुसऱ्या खांद्यावर घेतला की रडून उठायचा. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं.

ती पुढं झाली. पळतापळता वळली आणि दोन्ही हात समोर धरले, पदर पसरून.

"द्या," ती म्हणाली. "लई वागवलं तुमी. आता माझं माझ्याकडं द्या."

सत्यभामानं त्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, त्या तोंडाकडं पाहिलं, ज्या तोंडानं तिला जगणं नकोसं केलं होतं. संताप होता तिथंच होता. पण लेकरू आईचं असतं.

"हळू," ती कुजबुजली. "मान धर."

शिवकन्यानं दोन्ही हातांनी हळू घेतलं. खांद्याशी धरलं, वरून पदर ओढला. आणि सत्यभामाचा डावा हात, लाकूड झालेला, सुटला. कोपरातून उलगडला, खाली आला, मागं गेला, पुढं आला. पळणाऱ्या माणसाचा हात येतो तसा. ती सरळ झाली. पायांना रस्ता सापडला...

मैदानाच्या फाटकाशी संस्थेच्या बायका दुधाच्या टेम्पोतून आधीच येऊन थांबल्या होत्या. दोघी आत शिरल्या तेव्हा दगडाबाईनं सत्यभामाला कवळा घातला आणि खाली बसू दिलं नाही. "उभी राहा बाय. त्यो येऊ दे आधी."

अर्जुनराव जीपमधून उतरला. बंकट त्याच्या मागं.

"पालीम्होरं ही चालली," अर्जुनराव म्हणाला. "म्या डोळ्यांनी बघितलं. आन साक्षीदार संगं पळायची, हे कवा ठरलं व्हतं?"

"साक्षीदार तुमी नेमली, सायेब," दगडाबाई म्हणाली. "खोटं बोलायची न्हाई, म्हनलात. इचारा तिला."

सगळ्यांच्या माना शिवकन्याकडं वळल्या. तिच्या तळपायांचे फोड फुटले होते, पदर अजून खांद्याशी घट्ट धरलेला होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. याच माणसाबरोबर तिला चार दिवसांनी ट्रकमध्ये चढायचं होतं.

"पळत आली," शिवकन्या म्हणाली. मग साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन त्या दिशीबी पळतच गेली व्हती. माझी आक्का रस्ता चुकली न्हवती. तिला रस्त्यात आडवलं व्हतं."

कुणी कुणाला आडवलं, असं कुणी विचारलं नाही. बंकटची मान सगळं सांगत होती. तो तसाच वळला, जीपमध्ये हात घालून त्यानं किल्ली काढली.

"ए बे बंकट, किल्ली ठिव," अर्जुनराव ओरडला. "डोकं फिरलं का बे?"

बंकटनं ऐकलं नाही. किल्ली त्यानं दगडाबाईच्या हातात ठेवली आणि सत्यभामाच्या पुढून जाताना थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. सत्यभामानं तोंड फिरवलं. काही गोष्टी एका सकाळीत फिटत नाहीत, आणि फिटल्या असं सांगणारा खोटं बोलतो. तो खाली मान घालून फाटकाबाहेर गेला.

दुधावर ठेवलेला हात साऱ्यांनी पाहिला होता; अर्जुनरावाला किल्ली परत मागता आली नाही. बायकांनी गलका केला. सत्यभामा मात्र आपल्या डाव्या हाताकडं बघत होती. तो अंगाशी लोंबत होता, मुंग्या आलेला, हलका, परक्याचा असल्यासारखा, आणि इतक्या हलक्या हाताचं काय करायचं हे तिला कळेना. शिवकन्यानं तो उचलला, आपल्या गळ्यात घेतला आणि तिचं सगळं ओझं आपल्या अंगावर रेलून घेतलं.

"चल," सत्यभामा म्हणाली. "आधी तुझ्या पायाला काहीतरी बांधू."